भोंगऱ्याचा बंद

३० जानेवारी, शुक्रवार

तिप्पट! दीडपट नाही, दुप्पट नाही — तिप्पट!

आज बाजारचा दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि पंचायतीचा शिपाई नोटीस घेऊन हजर. बांगड्यांच्या काउंटरवर ठेवली, सही घेतली, वर "ताई, एक कंगवा द्या ना" म्हणत कंगवाही घेऊन गेला. फुकट. नोटीस वाचली तर वाटलं छापणाऱ्याची चूक असेल. शेजारी यांच्या किराणा दुकानात गेले, तर हे तशीच नोटीस हातात धरून उभे. दुकानाच्या जागेची पट्टी तिप्पट. दिवाबत्ती वेगळी. आणि बाजारच्या दिवशी ओट्यावर माल मांडला तर त्याची फी वेगळी. ओटा माझा, माल माझा, ऊनही माझ्याच डोक्यावर!

आधीच दोन वर्षांत धंद्याचं काय झालंय ते माझं मला माहीत. पोरी मोबाइलवर कानातलं मागवतात, घरपोच. जीएसटीचं भरायला खापर गावच्या माणसाला पैसे द्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.

नोटिशीखाली २६ जानेवारीच्या ग्रामसभेचा ठराव आणि सरपंचाची सही — फुलीबाई. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही बाई दर शुक्रवारी पाड्यावरून चालत यायची आणि माझ्याकडून टिकल्यांचं पाकीट न्यायची. नेहमी मरून. मी तिला कधी जास्त भाव लावला नाही, आणि ही बघा!

३१ जानेवारी

संध्याकाळी आमच्या गोडाऊनमध्ये व्यापारी मंडळाची मीटिंग. अध्यक्ष म्हणजे आमचे हे, हिंमतराव. गुळाच्या ढेपांवर बसून सगळ्यांनी एकदम बोलायचं, याला मीटिंग म्हणतात. चहा मी केला, म्हणून मला ऐकायला मिळालं.

जगदीश सगळ्यात जास्त बोलला. त्याचं चपलांचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. "भाऊ, मन्ही दुकान म्हंजे कोनाडा शे. मी एक जोड इकस तव्हय माले कितलं सुटस? तिप्पट पट्टी मी कोठून देऊ? शटर पाडी देस नि सुरतले जास, मजुरी करस." बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. जगदीशची दोन पोरं शाळेत आहेत, बायको माझ्याकडे दिवाळीला कामाला येते. तो उगाच बोलत नव्हता.

मी मध्येच विचारलं, ग्रामसभेला आपल्यातलं कोण होतं? कोणी नाही. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं आणि सगळे आपापला माल उतरवायला पळाले. ग्रामसभा म्हणजे डोंगरातल्या लोकांची, आपण कशाला, असंच आपल्याकडे धरून चालतात. यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कप उचलायला लागले.

३ फेब्रुवारी

फुलीबाईला भेटायला गेलो. हे, जगदीश आणि मी. मला न्यायचं यांच्या मनात नव्हतं, पण "बाई आहे, बाईशी बोलेल" असं कोणीतरी म्हणालं.

तिने चहा सांगितला. खुर्चीत अगदी ताठ बसली होती. "पट्टी मी नाय लावली. ग्रामसभेने लावली. तुमी कोणी आले नाय." मग माझ्याकडे वळून — "हेमांगीबाई, बाजाराला बाया येतात, सकाळपासून पाणी नाय पीत. प्यायलं तर जायचं कुठे? संडास बांधायचे, पाण्याची टाकी बांधायची. पैसा कोण देणार? बाजारावर पोट कोणाचं भरतं?"

खोटं नव्हतं ते. शुक्रवारी त्या माझ्याकडेच येतात — "बाई, मागे जाऊ का?" दोघी-तिघींना हो म्हणते, मग पाणी संपलं सांगते. एक संडास किती जणींना पुरणार! पण मी तिला हेही ऐकवलं की बाई गं, बांधा ना, कोण नको म्हणतंय? मागच्या पंचायतीनेही पट्टी वाढवली होती आणि त्यातून गावाच्या तोंडाला कमान उभी राहिली, तीही वाकडी! एकदम तिप्पट केलीस तर हा जगदीश मरेल. थोडी थोडी वाढव. ती ऐकत होती, नाही असं नाही. म्हणाली, "पुढच्या ग्रामसभेला या. हेच बोला. लोक ऐकतील."

मला ते बरं वाटलं होतं. पण बाहेर आल्यावर यांचं डोकं फिरलं. "तिन्हा दरबारमा अर्ज कराले जावो का आते? आमना बापदादा आठे बाजार वसाडी गयात!" बाजार यांच्या बापदादांनी वसवला म्हणे. डोंगरातल्या लोकांनी यांच्या बापदादांची वाट पाहत मीठ खायचं सोडलं होतं की काय!

हे मी मनात म्हटलं. घरी शांतता हवी असेल तर काही गोष्टी मनातच म्हणायच्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाजार बरा झाला. दुपारी मंडळाच्या दारात पांढरी गाडी. दिलवरसिंग उतरले. म्हणजे आता आपल्या पट्टीला राजकारणाची फोडणी बसणार.

८ फेब्रुवारी

राग मावत नाही, म्हणून रात्रीच लिहायला बसले.

दिलवरसिंग आमच्या तालुक्याचे मोठे पुढारी. मूळचे डोंगरातलेच, पण बंगला नंदुरबारला. मागच्या वेळी जिल्हा परिषदेला थोडक्यात पडले, तेव्हापासून फुलीबाईचं नाव काढलं की त्यांचे कान लाल होतात. तिच्या पाड्याने त्यांना मत दिलं नव्हतं. आज गोडाऊनमध्ये भाषण केलं. छान बोलतात, मान्य! "लहान दुकानदार हा गावाचा कणा आहे" म्हणाले तेव्हा जगदीशने डोळे पुसले. आणि मग हळूच — "नुसते निवेदन देऊन सरकार हलत नाही. दुखेल तिथे दाबावं लागतं. भोंगऱ्याच्या दिवशी बाजारपेठ बंद ठेवा. शंभर टक्के. वरून हजारो लोक येतील, दुकानं बंद बघतील, आणि जाब कोणाला विचारतील? सरपंचाला!"

टाळ्या! यांनी सगळ्यात आधी वाजवल्या.

भोंगऱ्या! होळीआधीचा शेवटचा बाजार. वरचे सगळे पाडे ढोल घेऊन खाली उतरतात, नवे कपडे घालून, पावरी वाजवत. पोरींना आरसे, रिबिनी, मण्यांच्या माळा. पोरांना गॉगल. होळीत नाचणाऱ्या बुध्यांना कमरेचे घुंगरू. त्या एका दिवशी मी जेवढं विकते तेवढं पुढच्या चार महिन्यांत विकत नाही. माझं दुकान वर्षभर त्या एका दिवसावर उभं असतं, आणि तो माल गेल्या महिन्यात मी सुरतहून भरून आणलाय. खोकी वर छताला लागलीत. हे यांना माहीत नाही का? यांनीच तर टेंपोतून उतरवली!

रात्री जेवताना म्हटलं, दुसरा कुठलाही शुक्रवार बंद ठेवा, भोंगऱ्या नको. माझं दुकान बुडेल.

"तू अध्यक्षनी बायको शे. हाई ध्यानमा ठेव."

दुकान लग्नाच्या आधी अध्यक्षाचं नव्हतं आणि नंतरही नाही. पहिला माल माझ्या माहेरच्या पैशाने भरला. हे मात्र आज मनात म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं.

९ फेब्रुवारी

बोलणं बंद. मिठाची बरणी मी पुढे सरकवली, तेवढंच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

करणसिंग आला होता. वरच्या पाड्यावरचा, पिकल्या मिशांचा. तरुणपणी होळीत बुध्या व्हायचा, आता त्याचा मुलगा पवन होतो. पाच दिवस व्रत पाळायचं, खाटेवर बसायचं नाही, बायकोजवळ जायचं नाही, अंगभर पांढरे ठिपके काढून नाचायचं. घुंगरू बापाचे पण माझ्याकडचे होते आणि मुलाचे पण माझ्याकडचेच. एकेक घुंगरू कानाशी हलवून घेतो, मुका निघाला की परत.

मी आवाज बारीक करून सांगितलं — करणसिंगभाऊ, भोंगऱ्याला दुकानं बंद राहतील. होळीचे दाळ्या, गूळ, खजूर आजच घेऊन ठेवा. शेठकडे आहेत.

तो हसला. मला येडी समजला असेल. "आज नाय घेतात, बाई. होळीमातेचा सौदा भोंगऱ्याला घेतात. ढोल वाजवत येतात, मग घेतात. आधी घेतलेलं घरात खाऊन टाकतात, ते मातेला कसं चालेल?"

पण दुकानच बंद असलं तर?

त्याने घुंगरू पिशवीत टाकले. "होळीला कोण बंद ठेवेल?" म्हणाला. रागावून नाही. सूर्य उगवणार नाही म्हटलं तर माणूस जसा बघेल तसा बघत होता.

मी लगेच यांना जाऊन सांगितलं. अहो, हा नुसता खरेदीचा दिवस नाही, देवाचा सौदा आहे तो! हे दाळ्यांची, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्यांची, गोणी शिवत होते. "तेच तर पायजे! सौदा भेटना नही म्हंजे लोके पेटतीन. सरपंचना दारमा जातीन." दिलवरसिंगचंच वाक्य, फक्त अहिराणीत.

१७ फेब्रुवारी

मंडळाचं पत्रक. प्रत्येक शटरवर चिकटवलंय. "भोंगऱ्याच्या दिवशी जो दुकान उघडेल त्याच्याशी मंडळाचा कोणताही व्यवहार राहणार नाही." खाली सही हिंमतराव.

माझ्या शटरवरही. माझ्या नवऱ्याच्या सहीने मला धमकी! हसावं की रडावं? मी पाण्याने ओलं करून खरवडून काढलं. दुपारी पोरांनी दुसरं लावलं.

१९ फेब्रुवारी

मिटलं होतं! मिटलंच होतं हो!

तहसीलात दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दार उघडं, सगळं ऐकू येत होतं. फुलीबाई म्हणाली, "यंदा दीडपट द्या. संडास उभे राहिले, तुमी डोळ्याने बघितले, मग पुढच्या वर्षी पुढचं बोलू. नाय उभे राहिले तर एक रुपया नका देऊ." यापेक्षा चांगलं काय हवं होतं? जगदीश तर लगेच हो म्हणाला. यांनी खिशातून पेन काढलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आणि फोन वाजला.

हे उठून व्हरांड्यात आले, माझ्यासमोरूनच गेले, पलीकडच्या खांबाशी उभे राहिले. "हो साहेब... नही साहेब... तसं नही साहेब..." परत आत. "पूर्ण माघार. नहीतर बंद."

फुलीबाईने यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे, बाकावर, बघितलं. मी मान खाली घातली. मला नवऱ्याची लाज वाटली. हे लिहायला नको होतं, पण लिहिलंय.

येताना गाडीत विचारलं, साहेब काय म्हणाले? यांनी काच खाली केली, वर केली. मग — "पुढला पंचायत समितीले मन्हं नाव सांगी ऱ्हायनात."

असं आहे तर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा बाजार हलका होता. सगळे पुढच्या शुक्रवारसाठी हात राखून. पोरी येऊन नुसत्या बघून जातात — "बाई, हा आरसा ठेव हां, भोंगऱ्याला नेईन." किती जणींनी किती काय ठेवायला सांगितलं! सगळ्यांना हो म्हणत होते. खोटारडी.

चौकात दोन पोलीस बसायला लागलेत. गावात कोण कोणाशी बोलतंय याकडे सगळ्यांचं लक्ष. जगदीशच्या दुकानात मी दोन मिनिटं उभी राहिले तर समोरून मंडळाच्या पोराने फोटो काढला. मी त्याच्याकडे बघून केस नीट केले.

२४ फेब्रुवारी

लोणखेड्याहून आमच्या रिनाचा फोन. कॉलेजात मैत्रिणींकडून कळलं तिला. "आई, तू उघड. पप्पांचं पप्पा बघतील."

मुलीला काय! उघड म्हणणं सोपं असतं. उघडलं तर सगळ्या बाजारात यांचं नाक कापलं जाईल, की घरची बाई ऐकत नाही आणि निघाले पंचायत समितीला. नाही उघडलं तर माझं दुकान गेलं. दोन्हीकडे माझंच घर.

२६ फेब्रुवारी

सांगून टाकलं. चहा प्यायलो आणि सांगितलं — उद्या मी उघडणार आहे. मंडळ काय करायचं ते करो.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मी उघडलंच असतं. हे खुर्चीवरून उठले, माझ्यासमोर आले आणि हात जोडले. "हेमांगी, मी तुले हात जोडस. एक दिन. फक्त एक दिन. मन्ही इज्जत शे." सव्वीस वर्षांत या माणसाने देवासमोरसुद्धा नीट हात जोडलेले मी बघितले नाहीत.

बरं, म्हटलं.

बरं म्हटलं आणि वर जाऊन खोक्यांकडे बघत बसले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार — भोंगऱ्या

सकाळपासून आम्ही दोघं वरच्या गच्चीवर. खाली दोन्ही शटर बंद. सगळी पेठ बंद. पानटपरीसुद्धा. रस्ता इतका मोकळा मी फक्त कोरोनात बघितला होता.

आठच्या सुमारास पहिला ढोल ऐकू आला. मग दुसरा. मग सगळीकडून. जीपच्या टपावर, ट्रॅक्टरमध्ये, चालत. पोरींच्या एकसारख्या साड्या — एका पाड्याच्या गुलाबी, एका पाड्याच्या पोपटी. पावऱ्या वाजताहेत. पेठेच्या तोंडाशी आले आणि थबकले. आधी वाटलं असेल आपण लवकर आलो. काही जणी हसल्या. एका बाईने माझ्या शटरचं कुलूप हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं आणि सोडून दिलं. मी मागे सरकले.

माणसं वाढत गेली. वाट बघत उभी राहिली. चौकात दिलवरसिंगची पोरं झेंडे घेऊन तयारच होती — "सरपंच मुर्दाबाद! पट्टी मागे घ्या!" आता डोंगरातले लोक त्यांच्यात मिसळणार, घोषणा देणार, पंचायतीवर चालून जाणार. असं ठरलं होतं. एकही माणूस मिसळला नाही. पट्टी काय, कशाची, त्यांना काय पडलंय! ते आपले ढोलाच्या भोवती उभे. पोरांचे घसे बसले. खुद्द दिलवरसिंग आलेच नाहीत. तब्येत बरी नव्हती म्हणे.

मग करणसिंग आला. सोबत मोठा ढोल, वीस-पंचवीस माणसं. आमच्या किराणा दुकानासमोर थांबला. शटरकडे तोंड करून सगळ्यांनी ढोल वाजवला, एक पूर्ण फेरा, नेहमी वाजवतात तसा. थांबले. करणसिंगने वर बघितलं. आम्ही दिसत होतो त्याला.

"शेठ, होळीचा सौदा दे."

हे खुर्चीत. मी यांच्याकडे बघतेय, हे जमिनीकडे.

"शेठ, दाळ्या-गूळ दे. मातेचा सौदा."

धमकी नाही, शिवी नाही. दरवर्षी जसा मागतो तसाच मागत होता. मी म्हटलं, अहो, जा! एक गोणी तरी खाली द्या! तेवढ्याने बंद मोडत नाही! हे म्हणाले, "आते उघडं तर बठ्ठं गयं." सगळं गेलं म्हणे, पण आवाजात जोर नव्हता. मी किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली यांच्या मुठीत होती, मूठ सुटली नाही.

करणसिंग आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने ढोलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळे वळले. ढोल न वाजवता गेले. भोंगऱ्याला मुका ढोल जाताना मी पहिल्यांदा बघितला.

जगदीशने न राहवून अर्धं शटर वर केलं होतं. मंडळाच्या पोरांनी धावत जाऊन त्याच्या चपला रस्त्यावर भिरकावल्या. आपलीच पोरं, आपल्याच माणसावर! रस्त्यातल्या पोरींनी त्या चपला उचलल्या, जोड्या लावल्या आणि त्याच्या पायरीवर ठेवून पुढे गेल्या.

अकराला फुलीबाई आली. घोषणा देणाऱ्यांच्या मधून चालत गेली, कोणाशी बोलली नाही, फक्त फोनवर बोलत होती. तासाभराने सागबाऱ्याकडून, गुजरातमधून, दोन टेंपो आले आणि गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे उभे राहिले. दाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार. मागून एक कटलरीवालाही आला. मी गच्चीवरून त्याचे आरसे चमकताना बघितले. सगळा भोंगऱ्या नाल्यापलीकडे गेला. इथे दुपारी कुत्रं नव्हतं.

हे जेवले नाहीत. मीही.

२८ फेब्रुवारी

"शंभर टक्के बंद! ऐतिहासिक एकजूट!" — मंडळाच्या ग्रुपवर. पेपरात दिलवरसिंगचा फोटो. तब्येत छान दिसत होती.

मी खोकी उघडून बघितली. घुंगरू, माळा, रिबिनी. जशी आली तशी. पुढच्या भोंगऱ्यापर्यंत रिबिनींचे रंग उडतील. सुरतवाल्याला काय सांगायचं ते ठरत नाही. खरं सांगायचं तर ठरवायला बसलेच नाही, खोक्यावर डोकं ठेवून रडले आणि मग तोंड धुतलं.

२ मार्च, होळी

डोंगरात जागोजागी होळ्या पेटलेल्या दिसतात. वारा इकडचा असला की ढोल ऐकू येतात. आज ऐकू येत होते. यांनी खिडकी लावून घेतली.

४ मार्च

होळीनंतर बुध्ये आणि त्यांच्यासोबत नाचणारे गेरवाले फाग, म्हणजे होळीची बक्षिसी, मागायला पेठेत येतात. दुकानासमोर नाचतात, मी पैसे देते, पवन माझ्या दारात एक गिरकी जास्तच घेतो. सुट्टे पैसे, नारळ काढून ठेवले होते.

कोणी आलं नाही.

संध्याकाळी नारळ परत यांच्या दुकानात ठेवून आले. परत का आणला, हेही त्यांनी विचारलं नाही.

९ मार्च

जिंकलो म्हणे!

पंचायतीने पट्टी मागे घेतली. सगळी. जुना दर कायम, ओट्याची फीसुद्धा नाही. चौकात गुलाल, फटाके, यांच्या गळ्यात झेंडूचा हार. दिलवरसिंग उघड्या जीपमध्ये — "हा लहान दुकानदारांचा विजय आहे!" जगदीशला खांद्यावर उचललं, त्याच पोरांनी. तो बिचारा हसला. पट्टी टळली, पोरं शाळेत राहतील, त्याने का हसू नये? मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सुंठीवाचून खोकला गेला असं जो तो म्हणतोय.

पण मला एक गोष्ट खटकते. फुलीबाई भांडलीच नाही. महिनाभर संडासांचा हट्ट न सोडणारी बाई, आणि आज शिपायाच्या हाती दोन ओळींचं पत्र पाठवून मोकळी. हे पत्र घ्यायला गेले तेव्हा तिने एवढंच विचारलं म्हणे, "आता झालं ना तुमचं?" हे हसत हसत सांगत होते. कशी मऊ पडली बघ! मी तिला ओळखते. मऊ पडलेली बाई असं विचारत नाही.

हार काढून ठेवतो म्हणाले, मग तसेच गळ्यात घालून झोपले. झोप मात्र शांत लागली त्यांना, महिन्याने.

१३ मार्च, शुक्रवार

बाजार भरला नाही.

नऊला दोघांनी शटर उघडली, ओट्यावर माल मांडला. जीपा आल्या, भरलेल्या, आणि न थांबता घाटाकडे गेल्या. दहाच्या सुमाराला जगदीश पळत आला. "वहिनी, बाजार तठे भरना! घाटना खाले, पाड्याना माळवर!" काल ग्रामसभेने ठराव केला, यापुढे शुक्रवारचा बाजार तिकडेच. पत्र्याचे दोन संडास आणि पाण्याचा टँकर आधीच उभे. यांनी गल्ला उघडला, बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "टेंपो सांगू का? तुन्हा माल नि मन्हा माल एकमाच जाई."

सांगा, म्हटलं.

माळावर रांगा लागल्या होत्या. पुढच्या सागबाऱ्यावाल्यांच्या. फुलीबाई उभी होती. रांगेच्या अगदी शेवटी, उन्हातली जागा दाखवली. हे वाकले, गोणपाट अंथरलं आणि मला आधी बस म्हणाले.

बसलो.